बिनतेलाची भाजी

आमच्या घरात रोज भाजी दोन भांड्यांत व्हायची. मोठ्या पातेल्यात सगळ्यांची आणि एका लहानशा जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. मोठ्या पातेल्यात मोहरी तडतडायची, ठसका उठायचा. लहान पातेल्यात पाणी, मीठ, तिखट, हळद आणि चिरलेला दोडका. शिजला की उतरवायचा. तेलाचा एक थेंब नाही. पावट्याची आमटी बिनतेलाची कशी लागते ते एकदा करून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

नवा माणूस घरी आला की विचारायचा, पित्ताचा त्रास आहे का हो त्यांना? कसलं पित्त घेऊन बसलात! लोखंडाचे खिळे पचवले असते त्यांनी. त्यांच्या तेलाचा संबंध माझ्या पोटाशी होता.

माझं माहेर साताऱ्याचं. वडील कोर्टात कारकून होते. आम्ही जैन, पण घरातला कारभार सैल. वडील स्टँडवर जाऊन कांद्याची भजी खाऊन यायचे आणि आई त्यांच्या शर्टाचा वास घेऊन नुसती 'हूं' करायची. तिथून मी सासरी आले ती पलूस-कुंडलच्या बाजूला, ऊस आणि हळद पिकवणाऱ्या घरात. सासरे नव्हते. घरात आत्याबाई, आमचे हे आणि मी, तीनच माणसं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. कांदा, बटाटा, मुळा, रताळं, जमिनीखाली वाढणारं काहीही उंबऱ्याच्या आत येत नसे. कंदात अनंत जीव असतात, तो उपटला की सगळ्यांची हत्या, हे आत्याबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, गेली बटाट्याची भाजी.

लग्नानंतर मला दोनदा दिवस राहिले. दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत पडून गेलं. त्यानंतर तर काही राहीचना. ते सत्तरच्या दशकातले दिवस होते, आणि बाईला मूल होत नसलं की तिला सल्ला द्यायला कुणाचीही परवानगी लागत नसे. पाणवठ्यावर सल्ला, गिरणीत सल्ला. आत्याबाई मात्र एका शब्दाने मला काही बोलल्या नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्यांच्यावर बराच राग काढणार आहे.

शेवटी ह्यांनी ठरवलं, सांगलीला दाखवायचं. हळद विकायला त्यांची सांगलीला ये-जा असायचीच, तिथे कुणीतरी एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. आम्ही तिघंही एसटीने गेलो. तपासण्या झाल्या, फेऱ्या झाल्या, आणि एक दिवस डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावून सांगितलं. गर्भ पिशवीत धरून ठेवायला बाईच्या अंगात एक द्रव्य तयार व्हावं लागतं, त्याला प्रोजेस्टेरॉन म्हणतात. माझ्या अंगात ते कमी पडत असावं. आधी बीज तयार व्हायच्या गोळ्या घ्यायच्या, मग त्या द्रव्याची इंजेक्शनं, आणि दिवस गेलेच तर पुढेही काही महिने ती चालू ठेवायची.

"कशाचं असतं त्ये, बाई?" आत्याबाईंनी विचारलं.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. बिस्किटवाल्याला विचारायच्या, साबणवाल्याला विचारायच्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं, औषध सामिष असेल म्हणून म्हातारी भिते आहे. त्या कौतुकाने हसल्या.

"मावशी, अगदी निश्चिंत राहा. तुम्ही जैन आहात ते माहीत आहे मला. पूर्वी हे डुकरिणीच्या अंगातून काढायचे. आता तसलं काही नाही. डोंगरात एक जंगली कंद मिळतो, आपल्या सुरणासारखा. त्याच्यापासून करतात. शुद्ध शाकाहारी!"

डुकरिणीचं नाव निघालं तेव्हा आत्याबाईंनी पदर नाकाला लावला होता. कंद म्हटल्यावर तो सगळ्या तोंडावर आला. बिचाऱ्या डॉक्टरीणबाई आमच्याकडे बघत राहिल्या, आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना. मी खाली बघितलं. मला हसू येत होतं, आणि रडूही येत होतं.

स्टँडवर बाकावर बसून मायलेकांचं जे जुंपलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

"आई, हळद काय झाडाला लागती व्हय? ती बी कंदच की. आपुन ती उकडतो, वाळवतो, इकतो. तू आमटीत घालतीस."

"हळद वाळली म्हंजी चालती. शास्त्रात हाय."

"मग ह्ये बी वाळवूनच करत असतील."

"वाळवून करत्यात का वलं वाटून करत्यात, कोण बघाय गेलंय? तू गेलावतास?"

"मग काय, नगं म्हनू डॉक्टरणीला?"

मी दोघांच्या मध्ये बसले होते. पोट माझं, पिशवी माझी, सुई टोचणार ती मला. पण तुला काय वाटतं म्हणून मला कुणी विचारलं नाही. एसटी लागली, आम्ही चढलो, तासगाव मागे पडलं तरी आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "घेऊ दे तिला. पाप माज्या डोस्क्यावर."

चातुर्मास चालू होता आणि गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, एक महाराज उतरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई बस्तीत गेल्या आणि महाराजांपुढे नियम घेऊन आल्या. सुनेची कूस उजवेपर्यंत तेल वर्ज्य. इंजेक्शनची बाटली त्यांनी दवाखान्यात बघितली होती, काचेची, करंगळीएवढी, आत पिवळसर घट्ट तेल. मला म्हणाल्या, "तुज्या अंगात त्ये तेल जानार. मग माज्या पोटात तेल जानार न्हाई. झालं."

त्या दिवशी मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. माझ्यासाठी आजवर कुणी इतकं काही सोडलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडले. जर्मनचं ते लहान पातेलं मीच फळीवरून काढलं, घासून लख्ख केलं, आणि पहिली बिनतेलाची भाजी शिजवून त्यांच्या ताटात वाढली. हे पुढे किती जड जाणार आहे याची मला तेव्हा काय कल्पना!

इंजेक्शनसाठी दर वेळी सांगलीला जाणं शक्य नव्हतं. गावात सरकारी नर्सबाई होत्या, त्यांनी द्यायचं ठरलं. त्यांचीही गंमतच. दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला, वरून हुकूम की ऑपरेशनच्या बायका आणा, आणि बाई आठवड्यातून दोनदा पिशवी घेऊन माझ्याकडे, मूल व्हावं म्हणून. "एका घरी नको म्हणून जाते, एका घरी हवं म्हणून जाते," त्या म्हणायच्या. "आणि तुमच्या बाटलीतलं औषध न् पाळणा थांबवायच्या गोळीतलं औषध भावकीतलंच, बरं का."

काचेची सिरिंज आणि सुई पातेल्यात उकळायची. सुई जाड, कारण तेल बारीक सुईतून सरत नाही. थंडीत तर ते मधासारखं घट्ट व्हायचं. मग आत्याबाई ती बाटली दोन्ही तळव्यांत धरून उबवत बसायच्या आणि ओठ हलवत णमोकार म्हणायच्या. कंदाचं औषध हातात आणि ओठांवर मंत्र! मी पालथी पडून बघत असायची. मग सुई जायची. टोचल्याचं दुखणं एका क्षणाचं, पण तेल आत शिरतानाचं दुखणं हळूहळू चालत जायचं, खाली मांडीपर्यंत. दोन्ही कुल्ल्यांवर गाठी झाल्या. एक बाजू मऊ पडेस्तोवर दुसरी दगड झालेली असायची. आत्याबाई तव्यावर मीठ भाजून पुरचुंडी करून द्यायच्या, मी शेकत बसायची. बसायची म्हणजे काय, कलती व्हायची.

आणि त्या औषधाचा एक छळ असा की ते चालू असेपर्यंत पाळी येत नाही. आमच्या घरी पाळी आली की चार दिवस बाजूला बसायचं, चुलीला शिवायचं नाही. त्यामुळे मी कधी बाजूला बसते हे घराला ठाऊक, शेजाराला ठाऊक, भांडी घासणारीला ठाऊक. इंजेक्शनं चालू झाली की दिवस उलटून जायचे आणि मी आपली चुलीपाशीच. आत्याबाई काही बोलायच्या नाहीत, पण त्यांची चाल बदलायची. हंडा उचलायला गेले की "ठेव त्यो, मी आनते." रात्री दुधाचा पेला नाही देता यायचा, म्हणून संध्याकाळी दिवस मावळायच्या आत गडबडीने आणून द्यायच्या. शेजारीण डोळे मिचकावून विचारायची, "काय, गोड बातमी व्हय?" मग सांगलीला तपासणी, डॉक्टरीणबाईंची मान नकारार्थी, इंजेक्शन बंद. बंद झालं की दोन-तीन दिवसांत मी बाजूला. कोपऱ्यातल्या घोंगडीवर बसलं की समोर स्वयंपाकघर दिसायचं. माझ्या त्या चार दिवसांत आत्याबाईच सगळ्यांसाठी फोडणी घालायच्या आणि स्वतःसाठी दोडका पाण्यात शिजवायच्या.

एकदा मात्र खरोखर राहिलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. ह्यांनी सांगलीहून पेढे आणले. इंजेक्शनं चालू राहिली, गाठींवर गाठी चढल्या, मला त्याचं काही वाटेना. तिसरा महिना गेला. मागे दोन्ही वेळा जिथे बुडाले होते तो घाट ओलांडला असं वाटलं. आत्याबाईंनी दिवाळीच्या करंज्या तळल्या आणि मला म्हणाल्या, "म्होरल्या दिवाळीला मी बी खाईन." चौथा महिना लागला आणि एका सकाळी गोठ्यातून येताना माझ्या लुगड्याला ओल लागली. झालं. आठवडाभर सांगलीत दवाखान्यात पडून होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी औषधालाही ऐकत नाही, पुन्हा प्रयत्न करू. घरी आले तर फळीवर करंज्यांचा डबा तसाच होता.

पुन्हा प्रयत्न. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेल. त्यानंतर कधी राहिलंच नाही. नुसती आशा लांबायची आणि मग बाजूला बसायचं. हे वर्षानुवर्षं चाललं.

खरं सांगायचं तर मूल हवं हे मला कधी वाटायचं थांबलं ते मला आठवत नाही. थांबलं एवढं नक्की. मी दमले होते. सुई दिसली की माझ्या जिभेवर पितळेची चव यायची. एक दिवस ह्यांना म्हटलं, "मला नको आता हे." ते भले माणूस. म्हणाले, "माजं काय बी म्हननं न्हाई. पर आईचं कसं? तिचं तेल?"

तेच तर! ते लहान पातेलं रोज चुलीवर चढायचं आणि रोज मला विचारायचं, कधी? मी थांबले तर आत्याबाई जन्मभर तशाच. त्यांनी सोडलं होतं तेल, पण गाठ मारली होती मला. आणि गावात कौतुक कुणाचं? त्यांचं! बस्तीत बायका म्हणायच्या, "सुनेपायी क्येवढं कराय लागलीया बघा म्हातारी." अगं बायांनो, माझ्या कुल्ल्याला हात लावून बघा एकदा, म्हणजे कळेल कोण काय करतंय ते! पण हे बोलायचं कुणापाशी? कधी कधी मुद्दाम मोठी फोडणी करायची मी, हिंग जास्त टाकून, घरभर वास सुटेल अशी. त्या शांतपणे आपली ताकात भाकरी कुस्करायच्या. त्याने तर आणखीच तळपायाची आग मस्तकात जायची.

मग एका थंडीत इंजेक्शनची गाठ पिकली. ताप चढला. सांगलीला नेऊन गळू फोडावं लागलं, खोल जखम झाली. ड्रेसिंगला सोयीचं म्हणून वडील येऊन मला साताऱ्याला घेऊन गेले. माहेरच्या खाटेवर पालथी पडून खिडकीतून अजिंक्यतारा बघायचा आणि काही करायचं नाही, असे ते दिवस. दोन भांड्यांत भाजी नाही. कुणी मिठाची पुरचुंडी आणत नाही. आईने एकदा न सांगता बटाट्याची भाजी केली. ती मी ताटलीभर खाल्ली आणि उताणी होता येईना म्हणून पालथीच झोपले. इतकी गाढ झोप किती वर्षांत लागली नव्हती.

मी बरी झाल्यावर आत्याबाई न्यायला आल्या. एकट्या, एसटीने, कऱ्हाडला गाडी बदलून. सोबत शिदोरी, आणि पिशवीत फडक्यात गुंडाळून आणलेल्या दोन बाटल्या. म्हणाल्या, "सांगलीची नवी चिठ्ठी घेतली न्हाई, म्हनून पैल्याच शिल्लक हुत्या त्या आनल्या. हितं कोन नर्स असंल तर चालू करावं."

त्या बाटल्या बघितल्या आणि माझा बांध फुटला.

"नको!" मी ओरडले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "नको मला ते तेल! माझं अंग बघा, जागा राहिली आहे का कुठे? मला मूल नको, काही नको. मी थांबले असते केव्हाच. तुमच्या त्या नियमापायी टोचून घेतेय मी. तुम्ही तेल खावं म्हणून टोचून घेतेय. तुम्ही तेल सोडलंत आणि मला फासावर दिलंत!"

आई म्हणाली, "अगं, काय बोलतेस?" पण तोंडातून सुटलं ते सुटलं. आत्याबाईंचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही, मी उशीत तोंड खुपसलं होतं. मग त्यांचा आवाज आला.

"माज्या तेलापायी?"

मी मान हलवली.

"कवापास्नं?"

"ते चौथ्या महिन्यातलं गेलं, तेव्हापासून."

त्यांनी बाटल्या परत फडक्यात गुंडाळल्या. आईने जेवायला वाढलं, तर नुसता दहीभात खाल्ला. दुपारच्या गाडीने परत निघाल्या. मला चल म्हणाल्या नाहीत. जाताना पांघरूण माझ्या पायावर ओढून घातलं तेवढंच. मला वाटलं, संपलं. आता हे येतील, बोलणी होतील, मला इथेच ठेवतील. त्या भीतीतही आता कुणी टोचणार नाही म्हणून आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं, त्याची मला लाज वाटली नाही. लाज वाटायलाही अंगात जोर लागतो.

आठवड्याने हे आले. फक्त "चल घरी" म्हणाले. वाटेत विचारलं, आत्याबाई कशा आहेत? तर म्हणाले, "तूच बघ."

पोचलो तेव्हा आत्याबाई दारातच होत्या. हातपाय धुवायला पाणी दिलं. मी स्वयंपाकघरात गेले. चूल पेटलेली होती, शेवग्याच्या शेंगा चिरून ठेवल्या होत्या, पण जर्मनचं पातेलं तिथे नव्हतं, वर फळीवर होतं. नियम मोडला की काय म्हणून मी दचकले आणि लगेच हलकंही वाटलं.

"आत्याबाई, पुन्हा तेल धरलंत?"

"न्हाई."

त्या पाटावर टेकल्या. म्हणाल्या, "महाराजांकडं गेलते मी. आता हितं न्हाईत, पार मिरजंच्या पल्ल्याड हायत. त्यास्नी म्हनलं, नियम सोडवा. त्ये म्हनले, घेतल्याला नियम मोडता येत न्हाई. मग मी इचारलं, वाढवता येतो का? व्हय म्हनले, वाढवाय येतो."

"म्हणजे?"

"म्हंजी जल्मभर. आता मरस्तोवर तेल न्हाई. तुला पोर झालं तरी न्हाई, न्हाई झालं तरी न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता त्येचा न् तुजा काय बी संबंध न्हाई, पोरी. तू मोकळी."

मी खाली बसले, जखमेची बाजू टेकली तरी कळलं नाही, आणि मोठ्याने रडले. त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, तशा त्या नव्हत्याच. शेंगांचे दोर काढत बसल्या.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. आम्ही आल्याचं कळून नर्सबाई आल्या होत्या, हातात उकळलेल्या सिरिंजचा डबा. आत्याबाई पदर खोचत उठल्या आणि दारातच आडव्या झाल्या.

"आजपास्नं नगं, बाई. च्या घ्या न् जावा."

"पण मावशी, मधेच बंद केलं तर..."

"बंद म्हंजी बंद. तिनं लय सोसलं." मग पिशवीतून त्या दोन बाटल्या काढून बाईंच्या हातावर ठेवल्या. "ह्या घिऊन जावा. दुसरी कोन असंल तर तिला द्या. उबवून द्या म्हंजी दुकत न्हाई."

नर्सबाईंनी चहा घेतला आणि गेल्या. मी डोळे पुसून उठले. फळीवरचं जर्मनचं पातेलं काढलं, विसळलं, त्यात पाणी, मीठ, तिखट, हळद घातली आणि मूठभर शेंगा टाकल्या. त्या असेपर्यंत, पुढची कितीतरी वर्षं, रोज तेच केलं. दमायची मी, नाही असं नाही. पण त्या पातेल्याने मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.